नोंदीविना उपचार: तातडीच्या वैद्यकाचा इतिहास आणि बुलढाणा जिल्हा

वैद्यकाच्या बहुतेक शाखांमध्ये डॉक्टराला विचार करण्यास, ग्रंथ चाळण्यास आणि ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला घेण्यास थोडीफार सवड मिळते. भूलशास्त्र आणि तातडीचे वैद्यक या दोन शाखांना ती मिळत नाही. प्राणवायूचा पुरवठा तुटल्यावर मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा होते आणि त्या मिनिटांत जे करायचे ते आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून या दोन शाखांच्या बाबतीत ज्ञान कोठे तयार होते, कोण तयार करतो आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न अत्यंत व्यावहारिक ठरतो. ज्ञान महानगरातील संस्थांत किंवा परदेशातील प्रयोगशाळांत जन्मते आणि जिल्हा रुग्णालयाने ते केवळ वापरायचे असते, असा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याची तपासणीही फारशी होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. या शाखांमध्ये टिकून राहिलेले पुष्कळसे ज्ञान, रुग्ण जेथे पोहोचतो तेथेच, त्याच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टराने चिकाटीने ठेवलेल्या नोंदींतून उभे राहिले आहे. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. त्यामुळे जिल्ह्यापुढे हा प्रश्न आता प्रत्यक्ष निर्णयाच्या रूपाने उभा आहे.

भुलेचा आधुनिक इतिहास १६ ऑक्टोबर १८४६ पासून मोजला जातो. त्या दिवशी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथरची वाफ हुंगवून रुग्णाला जाहीरपणे बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया पार पडली. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, कलकत्त्याला ईथरचा वापर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरा येथील जेम्स यंग सिम्प्सन याने क्लोरोफॉर्म पुढे आणले. क्लोरोफॉर्मचा वास सुखद होता, ते थोड्या मात्रेत काम करत असे आणि ईथरसारखे सहज पेट घेत नसे. त्यामुळे ते झपाट्याने पसरले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही क्षणांतच दगावली. धडधाकट माणूस किरकोळ शस्त्रक्रियेत असा अचानक का मरतो, या प्रश्नाने पुढची साठ वर्षे वैद्यकविश्वाला छळले. एका पक्षाच्या मते क्लोरोफॉर्म प्रथम श्वास थांबवते, म्हणून डॉक्टराने श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. दुसऱ्या पक्षाच्या मते ते थेट हृदयावर आघात करू शकते, म्हणून नाडीही पाहिलीच पाहिजे.

हा वाद सोडवण्याचा सर्वांत खर्चिक प्रयत्न हैदराबादेत झाला आणि त्याचा वऱ्हाडाशी राजकीय संबंध होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा प्रदेश, म्हणजे आजचा बुलढाणा जिल्हाही, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता. पण त्यावरील सार्वभौमत्व निजामाचेच मानले जाई. हैदराबाद मेडिकल स्कूलचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा श्वासवादी पक्षाचा कडवा अनुयायी होता. त्याने १८८८ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करवून, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, असा निष्कर्ष जाहीर केला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि औषधशास्त्रज्ञ लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादेत दाखल झाला. त्यासाठी नेमलेल्या आयोगाने शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग केले, ब्रंटनने स्वतःचे पूर्वीचे मत बदलले आणि लॉरीचाच पक्ष खरा ठरल्याचे जगभर सांगितले गेले. या कामात सहभागी असलेल्या रुपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात, ही या आयोगाच्या इतिहासातील अभिमानाची बाब होय.

तरीही आयोगाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असताना शरीरात ॲड्रिनॅलिन वाढले, तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण तत्क्षणी थांबते. ॲड्रिनॅलिन हे भीती आणि वेदना यांच्या वेळी शरीर स्वतःच सोडते. म्हणजे शस्त्रक्रियेच्या भीतीने ग्रासलेला, अर्धवट भुलेत असलेला रुग्ण हाच सर्वांत धोक्यात होता. हैदराबादच्या प्रयोगांत नेमकी ही परिस्थिती निर्माण झालीच नव्हती. याउलट, ज्या जॉन स्नो याने लंडनमधील कॉलऱ्याचा माग पाण्यापर्यंत नेला, त्यानेच क्लोरोफॉर्मने झालेल्या पन्नास मृत्यूंची माहिती एकेक करून गोळा केली होती आणि वाफेची तीव्रता अधिक असल्यास हृदय थांबू शकते हे १८५८ साली, म्हणजे आयोगाच्या तीस वर्षे आधी, ग्रंथबद्ध केले होते. आयोगाकडे पैसा, दरबारी पाठबळ आणि लंडनची प्रतिष्ठा होती. स्नोकडे मृतांची काळजीपूर्वक केलेली नोंद होती. श्वासावर लक्ष ठेवण्याचा लॉरीचा आग्रह उपयुक्त होता, यात शंका नाही. पण ‘नाडीकडे पाहण्याची गरज नाही’ हा त्याच्या शिकवणीचा अर्धा भाग घातक होता. आज शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या बोटाला लावला जाणारा पल्स ऑक्सिमीटर, ज्याचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडले, नाडी आणि रक्तातील प्राणवायू दोन्ही एकाच वेळी दाखवतो.

रुग्णाजवळ बसून ज्ञान उभे करण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि तरुण शेतमजूर मरत होते, आणि पाठ्यपुस्तकांतील त्रोटक माहिती त्यांना वाचवू शकत नव्हती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कसा चढला आणि कसा कोसळला, फुप्फुसांत पाणी कधी भरले, हे तासातासाने टिपले. या लक्षणांवरून पुढे हृदयावर परिणाम होणार आहे हे आधीच ओळखता येते, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार येतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध येथे का देऊ नये, असा विचार त्यांनी केला. या औषधाचे परिणाम त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि प्राझोसिनमुळे या दंशाचे मृत्युप्रमाण कमालीचे घटले.

या संशोधनाचे मोल औषधापुरते मर्यादित नाही. त्यापूर्वी विंचूदंशात अनेक ठिकाणी लायटिक कॉकटेल दिले जाई, म्हणजे गुंगी आणणाऱ्या तीन औषधांचे मिश्रण. फ्रेंच नौदलातील शल्यविशारद आंरी लाबोरी याने शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराचा ताण कमी करण्यासाठी अशा मिश्रणाची कल्पना मांडली होती. भूलशास्त्रात जन्मलेली ही कल्पना विंचूदंशाच्या रुग्णाला उसनी लावली गेली आणि श्वास मंदावण्याचा धोका त्याच्या वाट्याला आला. एका ठिकाणी उपयुक्त ठरलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणी तपासल्याविना वापरले, तर ते घात करू शकते. बावस्करांनी स्वतःचे औषधही तपासणीतून सोडले नाही. २०११ मध्ये त्यांनी ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीत केवळ प्राझोसिन आणि प्राझोसिनसह विंचूविषावरील प्रतिविष यांची तुलना करून, दोन्ही दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो असे दाखवले. २०२४ अखेरीपासून शेगाव तालुक्यातील काही गावांमध्ये लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हाही ते तेथे पोहोचले आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिप्रमाणाकडे त्यांनी बोट दाखवले. रुग्णाच्या गावात जाऊन उत्तर शोधण्याची ही दृष्टी जिल्ह्यातील वैद्यकीय संस्थांची रोजची सवय व्हायला हवी.

जिल्ह्याच्या भूगोलातच तातडीच्या वैद्यकाचे प्रश्न लिहिलेले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात आणि येथील लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशीच भाषा वापरतात. घाटाखालच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते, आणि विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांचे संकट सर्वांत गडद झाले, त्यांत बुलढाणा आहे. कापूसपट्ट्यातील कीटकनाशक हे फवारणीच्या हंगामात नकळत होणाऱ्या विषबाधेचेही कारण आहे आणि हताश क्षणी हाताशी येणारे विषही. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाचे चित्र ग्रामीण रुग्णालयातील कोणत्याही परिचारिकेच्या ओळखीचे असते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला की फुप्फुसांतून ऐकू येणारी घरघर. अशा रुग्णाला ॲट्रोपिन द्यायचे आणि दर पाच मिनिटांनी छाती, नाडी, रक्तदाब आणि काख पाहून, घरघर थांबली नसेल तर मात्रा दुप्पट करत न्यायची, ही आज मान्य झालेली पद्धत आहे. बांगलादेशातील चट्टग्राम येथे ही वाढत्या मात्रेची पद्धत जुन्या ठरावीक मात्रेच्या पद्धतीशी ताडून पाहिली गेली, तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्युप्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. औषध तेच आणि किंमतही जवळजवळ तीच होती. फरक पडला तो वारंवार तपासून मात्रा ठरवण्याच्या शिस्तीने.

याच विषबाधेवरील दुसरे औषध म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, आणि त्याची एक महत्त्वाची चाचणी बारामतीच्या एका रुग्णालयात २०० रुग्णांवर झाली. औषध सतत सलाइनमधून दिल्यास मृत्यू आणि कृत्रिम श्वासाची गरज दोन्ही घटतात, असा तिचा निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे २००९ साली श्रीलंकेतील चाचणीत मात्र या औषधाचा लाभ दिसला नाही. या दोन निष्कर्षांतील विरोध पाहून ग्रामीण संशोधन भरवशाचे नसते असे म्हणणे सोपे आहे. परंतु खरा अर्थ वेगळा आहे. रुग्ण किती वेळात पोहोचला, कोणते रसायन घेतले होते, अतिदक्षता विभागाची सोय कशी होती, यांवर उत्तर बदलते, आणि म्हणूनच खामगाव किंवा मलकापूर येथील रुग्णाला काय लागू पडते हे तेथील रुग्णांची नोंद ठेवल्याविना कोणालाही सांगता येणार नाही. भूलशास्त्राचा या प्रश्नाशी आणखी एक थेट संबंध आहे. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू क्षणभर शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन हे औषध शरीरातील ज्या विकराने विघटित होते, तेच विकर ही कीटकनाशके निकामी करतात. त्यामुळे काही मिनिटांत ओसरणारा परिणाम अशा रुग्णात बराच लांबू शकतो. फवारणीच्या हंगामात हा धोका भूलतज्ज्ञाने गृहीतच धरला पाहिजे, आणि तो या जिल्ह्यात किती वेळा प्रत्यक्षात येतो हे मोजणे हा येथील महाविद्यालयासाठी तयार असलेला संशोधनविषय आहे. खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांनी ग्रासलेल्या रुग्णांमध्ये भुलेची औषधे शरीराबाहेर कशी पडतात, हाही तितकाच स्थानिक प्रश्न होय.

घाटावरच्या भागाला समृद्धी महामार्गाने नवे वास्तव दिले. मेहकर, लोणार आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणाऱ्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे एका खासगी बसला अपघात होऊन लागलेल्या आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक असतो, ही कल्पना अमेरिकन शल्यविशारद ॲडम्स काउली यांनी रूढ केली आणि ती ‘गोल्डन अवर’ म्हणून सर्वतोमुखी झाली. पण नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला भक्कम पुरावा नाही, हे संशोधकांनी पुढे दाखवले. वेळेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, मात्र कोणत्या जखमेत कोणता वेळ मोलाचा, हे वेगळे सांगावे लागते. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाची चाचणी ४० देशांतील २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर झाली, भारतीय रुग्णालयांचा तिच्यात मोठा वाटा होता, आणि हे औषध पहिल्या तीन तासांत दिले तरच लाभ होतो असे तिच्यातून निघाले. महामार्गावरून १०८ च्या रुग्णवाहिकेतून आलेल्या जखमीला हे औषध किती मिनिटांत मिळाले, याची नोंद असली तरच सुधारणा करता येते. पिंपळखुट्यासारख्या दुर्घटनेत बहुतेक मृत्यू रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे असतात. तेथे बसची रचना, बाहेर पडण्याचे मार्ग आणि चालकाची विश्रांती हेच खरे प्रश्न ठरतात. कोणता मृत्यू रुग्णालयात टळला असता आणि कोणता रस्त्यावरच टाळायला हवा होता, हा भेद नोंदीतूनच कळतो, आणि तो न कळल्यास खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

ग्रामीण भागातील तातडीच्या उपचारांची आणखी एक दुखरी नस म्हणजे भूलतज्ज्ञांचा तुटवडा. प्रसूतिवेदनांत अडलेल्या स्त्रीला सिझेरियनची गरज असते, शल्यविशारद हजर असतो, पण भूल देणारे कोणी नसते, आणि मग केसपेपरवर ‘रेफर’ असा शेरा पडून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागतो. या तुटवड्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या तातडीच्या प्रसंगी भूल देण्याचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. अशा डॉक्टरांना नेमके कोणते प्रसंग सांभाळता आले, कोणते वरच्या रुग्णालयात पाठवावे लागले आणि किती डॉक्टर हे काम पुढेही करत राहिले, याचा हिशेब जिल्हावार ठेवला तरच ती योजना सुधारते. तातडीचे वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून भारतात २००९ साली मान्य झाला. म्हणजे ही शाखा अजून तरुण आहे, आणि तिच्या भारतीय पाठ्यपुस्तकातील बरीच पाने अजून कोरी आहेत.

स्थानिक नोंदींच्या या आग्रहावर दोन गंभीर आक्षेप घेता येतात. पहिला असा की, बाह्यरुग्ण विभागात रांगा लागलेल्या डॉक्टरला संशोधन ही चैन परवडणारी नाही. परंतु येथे प्रयोगशाळा किंवा परदेशी निधी मागितलेला नाही. आगमनाची वेळ, विषाचे नाव, दिलेली मात्रा, भुलेचा प्रकार आणि परिणाम या पाच-सहा बाबी प्रत्येक केसपेपरवर सारख्या पद्धतीने लिहिणे हे उपचाराचेच अंग आहे. दुसरा आक्षेप नैतिक आहे: गरीब रुग्ण प्रयोगाचे साधन तर बनणार नाही ना? हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे, आणि म्हणूनच नीतिसमितीची मान्यता, रुग्णाला समजेल अशा भाषेतील संमती आणि २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी या अटी कसोशीने पाळल्या गेल्या पाहिजेत. मात्र गरीब रुग्णावर दुसऱ्या देशातील रुग्णांवरून काढलेले अनुमान न तपासता लादणे हाही एक प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही.

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या काही वर्षांतच जिल्हा सामान्य रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये आणि १०८ सेवा यांना जोडणाऱ्या चार नोंदवह्या सुरू कराव्यात: विषबाधा आणि दंश यांची, महामार्गावरील जखमींची, तातडीच्या शस्त्रक्रियेत दिलेल्या भुलेची, आणि रुग्ण पुढे पाठवण्यात गेलेल्या वेळेची. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना सुचवले आहे. आदेशाची वाट न पाहता जिल्ह्याने ही सूचना आजच अमलात आणावी. या नोंदींवरून विद्यार्थ्यांनी दरवर्षी प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरे मराठीत जिल्ह्यातील परिचारिका, आशा सेविका आणि रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवावीत, आणि झालेल्या चुकाही त्यांत मोकळेपणाने मांडाव्यात. जिल्हा आरोग्य प्रशासनाने या कामासाठी एक कारकून आणि एक संगणक जरी दिला, तरी सुरुवात होऊ शकते. बिरवाडीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून जगाला शिकवता येते, हे चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. बुलढाण्याने आता स्वतःच्या रुग्णांची नोंद ठेवण्यास सुरुवात करावी.